गाडी टायर खाते तेव्हा

‘गाडी टायर खायला लागलीय’ हे वाक्य गॅरेजमधून आपल्या घरात केव्हा शिरले कोण जाणे, पण आता ते चांगले मुरले आहे. तेल खाणे, पैसे खाणे आणि टायर खाणे ही एकाच पंगतीतली मंडळी. त्यातही टायर खाणे सर्वांत चोरटे. इंजिन तेल खाऊ लागले की मागून निळसर धूर निघतो आणि शेजारीसुद्धा ते आपल्या कानावर घालतात. टायरचे तसे नाही. बाहेरून पाहावे तर काळाभोर, खाचा शाबूत. आतल्या कडेला, जिथे गुडघे टेकून हात घातल्याशिवाय काही कळत नाही, तिथे रबर संपून तारा डोकावत असतात. रविवारी सकाळी गाडी धुताना आपण टायरला पॉलिश मारतो, तेही बाहेरच्याच बाजूला!

सोलापूरकराला या विषयाचे अगत्य असायला विशेष कारण आहे. आपले गाव रस्त्यांच्या चौफुलीवर वसलेले. पुण्याहून हैदराबादला जाणारा, पूर्वीचा ९ क्रमांकाचा आणि आताचा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. धुळ्याकडून येऊन विजयपूरकडे (आपल्या तोंडी अजून विजापूरच) जाणारा ५२ क्रमांकाचा. शिवाय अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर ही सारी तास-दोन तासांच्या अंतरावर. घरात गाडी आली की पहिल्या महिन्यात ती यांपैकी दोन ठिकाणी तरी पाया पडून आलेली असते. महामार्ग चौपदरी झाल्यापासून ताशी शंभरच्या वेगाचे कुणाला अप्रूप राहिलेले नाही. आणि महामार्ग सोडून आत वळावे, तर उसाच्या ट्रॉल्यांनी दाबून खचवलेल्या कडा आणि गावोगाव हौसेने घातलेले गतिरोधक. म्हणजे चाकांची रांग बिघडवणारा रस्ता आणि बिघडलेली रांग महागात पाडणारा वेग, दोन्ही एकाच जिल्ह्यात मिळतात.

तेव्हा प्रश्न असा, की ही रांग, जिला सारे गाव ‘अलाइनमेंट’ म्हणते, ती घरच्या घरी पाहावी की दुकानात पैसे मोजून करून घ्यावी? प्रश्न वरवर हौशी माणसांचा वाटतो. पण आपली बायकामुले ज्या वस्तूत बसून प्रवास करतात, तिच्याबद्दल आपल्याला स्वतःला काय कळते आणि आपण कुणाच्या शब्दावर विसंबतो, असा तो प्रश्न आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांचा चहा गार होतो आहे त्यांना मोकळे होता येईल. मोजणे घरी करावे, फिरवणे दुकानात. आणि गाडी जितकी भारी, तितके घरचे मोजणे अधिक गरजेचे.

आता ही भानगड मुळात काय आहे ते पाहू. चालताना कुणाची पावले आत वळतात, कुणाची फाकतात. गाडीच्या चाकांचेही तसेच. वरून पाहिल्यावर दोन्ही चाकांची पुढची टोके एकमेकांकडे किंचित वळलेली असली की ‘टो-इन’, फाकलेली असली की ‘टो-आउट’. समोरून पाहिल्यावर चाक ओळंब्यात उभे आहे की वरच्या अंगाने आत किंवा बाहेर कलले आहे, तो ‘कॅम्बर’. आणि ज्या आसाभोवती चाक वळते तो आस बाजूने पाहिल्यावर मागे किती रेलला आहे, तो ‘कॅस्टर’. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो, त्याच जातीची ही गोष्ट. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपले आपण सरळ येते ते बरेचसे हिच्यामुळे. या तिघांपैकी टायर खाण्यात टोचा वाटा सर्वांत मोठा, आणि सुदैवाने घरी मोजायला सर्वांत सोपाही तोच.

थोडा हिशेब करू. नेहमीची छोटी गाडी घ्या. रिमच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत साधारण ३५० मिलिमीटर. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधले अंतर मागच्या कडांमधल्या अंतरापेक्षा ४ मिलिमीटरने कमी आहे असे धरा. डोळ्याला हे दिसतसुद्धा नाही. प्रत्येक चाकाच्या वाट्याला २ मिलिमीटर आले. म्हणजे ३५० मिलिमीटर पुढे जाताना चाक २ मिलिमीटर आडवे जाऊ पाहते, गाडी त्याला जाऊ देत नाही, आणि ते तेवढे ओढले जाते. किलोमीटरला जवळपास पावणेसहा मीटर. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर धरले तर पुण्याला पोचेपर्यंत त्या टायरची आडवी ओढाताण चौदाशे मीटर झाली. रबर लवचिक असल्याने त्यातली काही ओढ ते पोटात घेते हे खरे. पण उरलेली त्याच्या पोटावर उठते.

चाके वळवण्याचे हे शास्त्र मोटारीपेक्षा जुने आहे. वळणावर आतले चाक लहान वर्तुळात फिरते, बाहेरचे मोठ्या. दोघांना सारख्याच कोनात वळवले तर एक तरी घासणारच. म्युनिकच्या गेओर्ग लँकेनस्पर्गर या बग्ग्या बांधणाऱ्या कारागिराने घोडागाडीसाठी यावर तोड काढली. त्याचा लंडनमधला प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान याने १८१८ साली तिथे पेटंट घेतले, आणि जगभरच्या अभियांत्रिकीच्या पुस्तकांत नाव लागले ते आकरमानचे. कारागीर राहिला बाजूला. असे फक्त आपल्याकडेच होते असे समजायचे कारण नाही.

आपल्या बैलगाडीला हा प्रश्न पडलाच नाही. तिथे वळतात ते बैल. आस आहे तिथेच. पण तापवून लाल केलेली लोखंडी धाव चाकावर बसवून पाणी ओतले, की ते चाक फिरवून, एक डोळा मिटून ते डुलते आहे का हे पाहण्याची रीत तिथेही होतीच. गाडीवान शेजारी उभा राहून तेच पाहत असे.

आणि मोटारीचा विषय सोलापुरात निघाल्यावर वालचंद हिराचंदांना वगळून कसे चालेल? १८८२ साली याच गावात जन्मलेल्या या माणसाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि मग तिचीच ‘पद्मिनी’ बाहेर पडली, आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या त्या गाडीने लग्नकार्याला गेल्या. तीच गाडी अंगावरचे वजन उतरवून आणि इंजिन चेतवून मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीतही पळत असे. पद्मिनीच्या काळातली अलाइनमेंट म्हणजे एक मिस्त्री आणि एक पोऱ्या. टायरवर खडूची रेघ, टेपचे एक टोक याच्या हातात, दुसरे त्याच्या. एकदा पुढून मोजायचे, एकदा मागून. तो आकडा अगदी बिनचूक असे असे मी म्हणणार नाही. पण मालक शेजारी उभा असायचा आणि टेपवरचा आकडा त्यालाही वाचता येत होता. आज मालक काचेच्या आड सोफ्यावर बसतो आणि त्याच्या हातात येतो तो रंगीत कागद. हिरवे म्हणजे ठीक, लाल म्हणजे वाईट. कागद हिरवा आहे, पैसे दिले, निघाले.

माझ्या एका भाच्याच्या गाडीने मला या विषयात ओढले. तो पुण्यात नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने एक जुनी, दोनच माणसे बसतील अशी, छप्पर उघडणारी जर्मन स्पोर्ट्स कार घेतली. ‘चौघांच्या गाडीइतके पैसे देऊन दोघांची गाडी’ असे त्याच्या आईचे, म्हणजे माझ्या बहिणीचे, त्यावरचे भाष्य. तसा हा नाद आपल्या मुलखाला अगदीच अपरिचित नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनी गाडी तयार होऊ लागली होती. दिलीप छाब्रिया यांनी २०१२ साली दिल्लीच्या मोटार प्रदर्शनात ‘अवंती’ मांडली होती. दोन्ही आता बनत नाहीत. पण अशा गाडीकडे रस्त्यावर मान वळवून पाहणारे बनणे थांबलेले नाही.

तर या गाडीच्या मागच्या दोन्ही टायरांच्या आतल्या कडा नऊ हजार किलोमीटरमध्ये संपल्या. मागचे दोन टायर घ्यायचे म्हणजे माझ्या पहिल्या स्कूटरच्या दुप्पट रक्कम. पुण्यातल्या एका चकचकीत दुकानात त्याने नवे टायर घातले, चारी चाकांची अलाइनमेंट करून घेतली, हिरवा कागद घेतला आणि दिवाळीला इकडे आला. आल्या आल्या म्हणाला, ‘‘मामा, गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग किंचित तिरके धरावे लागते. आणि ब्रेक मारला की मागचे अंग हलल्यासारखे वाटते. अंगणात दोन तास मोजू का?’’

स्पोर्ट्स कारचे दुखणे थोडे निराळे असते. टायर रुंद आणि बसके. वळणावर पकड मिळावी म्हणून चाके मुद्दामच वरच्या अंगाने आत कललेली, त्यामुळे आतली कड थोडी अधिक झिजायचीच. घरच्या छोट्या गाडीत मागची चाके बहुधा एका आडव्या तुळईला जखडलेली असतात. या गाडीत मागचे प्रत्येक चाक स्वतंत्र, दोन-तीन दांड्यांवर तोललेले आणि फिरवून कमी-जास्त करता येणारे. जे फिरवता येते ते चुकीचेही फिरवता येते. मागची दोन्ही चाके फाकली तर जोराने ब्रेक मारल्यावर मागचे अंग पुढे यायला पाहते. दोन्ही एकाच बाजूला वळली तर गाडी खेकड्यासारखी चालते, आणि आपण पुढची चाके, म्हणजेच स्टिअरिंग, तिरके धरून तिला सरळ नेत राहतो. भाच्याची तक्रार नेमकी हीच होती.

शर्यतीच्या जगात या मिलिमीटरांना केवढी किंमत आहे हे २०२० साली साऱ्या जगाने पाहिले. मर्सिडीजच्या फॉर्म्युला वन गाडीत त्यांनी अशी युक्ती बसवली, की हॅमिल्टन सरळ रस्त्यावर स्टिअरिंग छातीकडे ओढायचा आणि पुढच्या चाकांचा टो पळत्या गाडीतच बदलायचा. वळण जवळ आले की ढकलून पूर्ववत. पुढच्या वर्षापासून नियम करून ती बंद केली गेली. एकीकडे हा थाट. दुसरीकडे गंमत अशी, की शर्यतीच्या अनेक तंबूंमध्ये आजही टो मोजला जातो तो दोन ताणलेल्या दोऱ्यांनी. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेली गाडी इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला स्पर्धेला जाते. अशा विद्यार्थी संघांच्या कार्यशाळांत जगभर दोरी आणि पोलादी पट्टी हीच पहिली हत्यारे. म्हणजे ज्यांना मिलिमीटरचा दशांश कळतो ते दोरी वापरतात, आणि ज्यांना काहीच कळत नाही ते आपण ‘कम्प्युटराइज्ड’ पाटी पाहून आत शिरतो!

आमच्या अंगणातला कारभार असा होता. फरशी सपाट आहे की नाही हे गवंड्याच्या पाणसळीने पाहिले. सकाळी, टायर गार असताना, चारी चाकांत कंपनीने सांगितली तेवढी हवा भरली. हवा कमी-जास्त असेल तर पुढचे सारे मोजणे फुकट, आणि हेच बहुतेक दुकानांत पाहिले जात नाही. गाडी दोनदा पुढेमागे ढकलून, दाबून, स्प्रिंगांना आपापल्या जागी बसू दिले. स्टिअरिंग सरळ करून दोरीने सीटला बांधले. मग दोन्ही बाजूंना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, पुढे-मागे विटा रचून गाडीच्या लांबीभर मासे पकडायच्या गळाचा दोरा ताणला.

इथे एक मेख आहे, आणि हौशी माणसे नेमकी तिथेच फसतात. दोरा मागच्या टायरला टेकवून सरळ पुढे ओढायचा नाही. पुढच्या दोन चाकांमधले अंतर आणि मागच्या दोन चाकांमधले अंतर बहुतेक गाड्यांत सारखे नसते. शिवाय मागचे चाकच वाकडे असेल तर त्याला टेकवलेला दोराही वाकडा. म्हणून दोरा कुठल्याच चाकाला शिवू द्यायचा नाही. चाकाच्या मधल्या टोपीपासून दोऱ्यापर्यंतचे अंतर पुढे डावीकडे जेवढे तेवढेच उजवीकडे, मागे डावीकडे जेवढे तेवढेच उजवीकडे, असे विटा सरकवून जुळवायचे. पुढचे आणि मागचे वेगळे असले तरी हरकत नाही, फक्त दोन्ही दोऱ्यांमधले अंतर दोन्ही टोकांना एकच हवे. यात पाऊण तास जातो. ज्या गावात उभ्या-आडव्या धाग्यांवर इतक्या चुली पेटल्या, तिथल्या माणसाला ताणलेल्या दोऱ्याची ही नखरेबाजी समजावून सांगायला नको. एकाने एक वीट हलवली की दुसऱ्या टोकाचे बिघडते.

दोरे जुळले की पुढचे काम पोरखेळ. रिमच्या पुढच्या कडेपासून दोऱ्यापर्यंत पोलादी पट्टीने मोजा, मागच्या कडेपासून मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे त्या चाकाचा टो. रिम स्वतःच किंचित वाकलेला असू शकतो, म्हणून चाक अर्धा वेढा फिरेल इतकी गाडी ढकलून, दोरे पुन्हा जुळवून, परत मोजायचे आणि सरासरी काढायची. डोळा शिकला की अर्ध्या मिलिमीटरपर्यंत खात्रीने वाचता येते. सतरा इंची रिमवर तो एका अंशाचा सुमारे पंधरावा भाग झाला. दुकानातले यंत्र याहून बारीक वाचते, पण काहीतरी घोटाळा आहे हे सांगायला एवढे पुष्कळ झाले. कॅम्बरसाठी ओळंबा. टायरच्या फुगवट्याला न लागता रिमच्या मध्यावरून सोडायचा आणि वरच्या व खालच्या कडेची अंतरे मोजायची. ३५० मिलिमीटरच्या रिमवर एक अंश म्हणजे सहा मिलिमीटर, सहज दिसतो. संक्रांतीला उंच नंदीध्वज उभे पेलत मिरवणाऱ्यांच्या गावात ओळंब्याबद्दल अधिक काय लिहावे!

मोजणी झाली. उजवे मागचे चाक एक मिलिमीटर आत. डावे मागचे चाक तीन मिलिमीटर बाहेर. कागदावर चारही हिरवे.

भाच्याने पाना हातात घेतलाच होता. तो मी काढून घेतला, आणि याबद्दल वाचकांपैकी हौशी मंडळी मला भित्रा म्हणणार असतील तर म्हणोत. मोजताना गाडी चार चाकांवर उभी असते. फिरवताना तिच्याखाली शिरावे लागते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही जाऊ नये. जॅक हे उचलायचे साधन आहे, धरून ठेवायचे नव्हे. मग ज्या नटा-बोल्टांनी चाक जागेवर राहते ते किती जोराने आवळायचे याचा आकडा कंपनीने ठरवलेला असतो आणि तो मोजणारा पाना घरोघरी नसतो. टायर फरशीला घट्ट धरून बसलेला असताना चाकाचा कोन खरा बदलत नाही, त्यासाठी खाली सरकत्या तबकड्या लागतात. भाच्याने त्यावरही तोड काढली होती, दोन गुळगुळीत फरश्यांमध्ये ग्रीस! युक्ती चालते. पण मागच्या चाकांच्या बाबतीत, ज्यांच्या चुकीने गाडी ब्रेकखाली गिरकी घेऊ शकते, तिथे मला ग्रीसवर भरवसा ठेवायचा नव्हता. शिवाय अलीकडच्या गाड्यांत स्टिअरिंग किती वळले हे सांगणारा सेन्सर असतो, काहींत पुढच्या काचेमागे रस्त्याचे पट्टे पाहणारा कॅमेरा. चाकांची रांग बदलली की त्यांनाही नवे ‘सरळ’ शिकवावे लागू शकते. ते दोरीने होत नाही.

दिवाळीनंतर आम्ही गाडी होटगी रस्त्यावरच्या एका दुकानात नेली. मालक स्वतः काम करणारा, पन्नाशीचा. आमच्या आकड्यांचा कागद त्याने वाचला, हसला नाही, ही मला चांगली खूण वाटली. त्याने रिमवर पकडी बसवल्या, त्यांवर ठिपक्यांच्या पाट्या. समोरच्या खांबांवरचे कॅमेरे त्या पाट्या पाहतात. गाडी थोडी पुढेमागे ढकलली की रिमचा वाकडेपणा वजा होतो, आणि प्रत्येक चाक कुठे पाहते आहे ते पडद्यावर येते. डावे मागचे चाक लालभडक आले. त्याने भाच्याला खड्ड्यात उतरवले आणि बॅटरीचा झोत टाकला. ज्या बोल्टने ते चाक कमी-जास्त करायचे तो गंजून गच्च झाला होता आणि त्यावरचा जुना चिखलाचा थर तसाच होता. पुण्यात कुणी त्याला हातही लावला नव्हता. मग कागद हिरवा कसा?

‘‘मशीन खोटं बोलत नाही की ओ काका,’’ तो म्हणाला, ‘‘पण तिला दुसऱ्या गाडीचं नाव सांगितलं तर ती दुसऱ्या गाडीचं उत्तर देती. पकड नीट बसली नाही तरी देती. पोरं नवी असत्यात, रांगेत दहा गाड्या.’’

या वाक्यात सारे आले. यंत्राची काही चूक नाही. ते उत्तम आहे आणि घरच्या दोऱ्याला जे दोन तास लागतात ते दहा मिनिटांत करते. पण त्याला गाडीचे नेमके मॉडेल आणि साल सांगणारा माणूसच असतो, टाय-रॉडचा खिळखिळा झालेला सांधा हलवून पाहणारा माणूसच असतो. सांध्यात खेळ असेल तर आत्ता हिरवे आलेले चाक पहिल्या गतिरोधकाला लाल होते. आणि त्या माणसाला आपण, गिऱ्हाइकांनी, काय शिकवले आहे? ‘किती वेळ लागेल?’ आणि ‘शेजारी शंभर कमी घेतात’. त्याने कधी ‘आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे दाखव’ असे आपल्या तोंडून ऐकलेच नसेल तर त्याने कुणासाठी बोल्ट सोडवत बसावे? भाच्याच्या बोल्टला दोन दिवस तेल मुरवावे लागले, मग गॅसने तापवून कापावा लागला, नवा पुण्याहून आला. अलाइनमेंटचे बाराशे आणि बोल्ट काढण्याच्या मजुरीचे त्याहून जास्त झाले. मजुरीचा एकही रुपया मला जास्त वाटला नाही.

स्पोर्ट्स कारचे एवढे पुराण ज्यांच्या दारात छोटी गाडी आहे त्यांच्यासाठीच सांगितले. तिचे मागचे दोन टायर एका तुळईवर असतील तर ते फिरवता येतच नाहीत. ‘चारी चाकांची अलाइनमेंट’ म्हणून जास्त पैसे घेतले तर त्यात चारी चाके मोजली जातात, जुळवली जातात पुढचीच दोन. मोजण्याचे पैसे घ्यायला हरकत नाही, पण ते आपल्याला माहीत असावे. ‘कॅम्बर बिघडलाय, काढून देतो’ असे कुणी म्हणाले आणि दाबयंत्र आणू लागले, तर आधी विचारावे की काय वाकवणार. कित्येक गाड्यांत कॅम्बर जुळवायची सोयच कंपनीने ठेवलेली नसते. तो बिघडला असेल तर काहीतरी वाकले किंवा झिजले आहे आणि ते बदलायला हवे, उलट्या बाजूने आणखी वाकवायला नको. आणि गाडी एका बाजूला ओढते म्हणजे अलाइनमेंटच, असेही नाही. एका टायरातली कमी हवा, चिकटलेला ब्रेक, सदोष टायर, एवढेच काय रस्त्याचा उतारसुद्धा तिला ओढतो. पुढचे डावे-उजवे टायर अदलाबदल करून पाहिले आणि ओढ बाजू बदलून आली, तर दोष टायरचा. पण अदलाबदलीआधी टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नाही ना, एवढे पाहावे.

दोरे ताणण्याचा उत्साह सर्वांना नसेल, मान्य. तळहात तर सर्वांना आहे. टायरच्या खाचांवरून तो एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले तर टो बिघडला आहे. मोजमापाची खोली पाहणारी छोटी पट्टी थोडक्या पैशांत मिळते. खाचांच्या तळाशी मध्येमध्ये रबराचे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की खोली १.६ मिलिमीटर उरली आणि टायर संपला, मग तो वरून कितीही छान दिसो. समृद्धी महामार्गावर २०२३ साली परिवहन खात्याने टायर तपासून गाड्या परत पाठवायला सुरुवात केली तेव्हा पुष्कळांना हे पहिल्यांदा कळले. आपल्या रस्त्यांवर परत पाठवणारे कुणी नाही. हैदराबादच्या वाटेवर मे महिन्याच्या दुपारी तापलेला, आतून तारा निघालेला टायर स्वतःच काय ते सांगतो.

वेळ म्हणाल तर वर्षातून दोनदा. एकदा पावसाळा संपल्यावर, म्हणजे खड्ड्यांनी जे करायचे ते करून झालेले असते. आणि एकदा गाळप आटोपून उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावरून गेल्यावर, उन्हाळी सुट्टीतल्या लांबच्या प्रवासाआधी. भाच्याने मार्चमध्ये पाच हजार किलोमीटर झाल्यावर मागच्या टायरांच्या खाचा मोजून कळवल्या. डावीकडे आत ६.१ मिलिमीटर, बाहेर ६.४. उजवीकडे आत ६.२, बाहेर ६.४.